रिकामा चिरा

आमच्या बाबांना खरेदीची अक्कल कधीच नव्हती. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाले आणि प्रदर्शनं पालथी घालायला लागले. ठाण्याच्या एका प्रदर्शनातून त्यांनी कमरेएवढी लाकडी फळी उचलून आणली. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली घोड्यावर बसलेला माणूस, रुबाब तलाठ्याचा. डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी ती उभी केली आणि रोज तिच्यावर टोपी अडकवायला लागले.

आत्या आली ती दारातच किंचाळली. तिचे यजमान जव्हारकडे मास्तर होते, तिकडच्या आदिवासी पाड्यांवर तिने असल्या फळ्या पाहिलेल्या. "अरे शहाण्या, हा चिरा आहे! घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने बसवतात. कुणाचा तरी आजोबा उचलून आणलास, आणि वर त्याला टोपी घातलीस!"

झालं! बाबांची पाचावर धारण बसली. लुंगीवर हॉलमध्ये येईनात. आत्या म्हणे, खाडीत सोड. माझं डोकंच फिरलं. "परक्याचा आजोबा खाडीत? ज्याचा त्याला परत करा ना!" शेवटी बाबांनी प्रदर्शनात फळी विकणाऱ्या कारागिराला फोन लावला, स्पीकरवर.

"कोणाचा नाय ओ तो," तो हसला. "विकायलाच केलेला. नाव घेऊन बसवल्याशिवाय कोण येतंय त्याच्यात? रिकामा हाय."

बाबांनी लगेच टोपी परत अडकवायला उचलली. तेवढ्यात पिठाच्या हातांनी आई बाहेर आली. "रिकामा आहे ना? मग माझ्या बाबांना द्या. चालेल का हो भाऊ?"

"बाप तुमचा," फोनमधून आवाज आला, "मला काय विचारता?"

आई दोन वर्षांची असताना तिचे वडील गेले. एक फोटो नाही त्यांचा. आमच्या भिंतीवर बाबांकडचे सगळे हार घालून ओळीने बसलेत, आईकडचं कोणी नाही. अधिक महिन्यात जावयाला सासुरवाडीहून अनारशांचं वाण येतं, तेव्हा बाबांचा ठरलेला विनोद असायचा, "आम्हाला कसला धोंडा? आमच्याकडे सासराच नाही!" आई कधी हसली नाही. मला मात्र बाबांचा भयंकर राग यायचा.

"अगं, तुझे वडील पोस्टात होते," आत्या कळवळून म्हणाली. "त्यांना सायकल येत नव्हती, घोडा कुठून येणार?"

"गेल्यावर शिकले असतील," आई म्हणाली, आणि हात धुऊन कुंकू आणायला गेली.

तेव्हापासून बाबांचे हाल सुरू. सोफ्यावर पाय घ्यायची सोय नाही, मॅच बघताना शिवी द्यायची सोय नाही. सासरा टीव्हीशेजारीच उभा! टोपी दाराच्या खिळ्यावर गेली.

मग अधिक महिना आला. आईने अनारशांचं ताट आणि दिवा चिऱ्यापुढे ठेवला आणि बाबांना म्हणाली, "माझ्या बाबांनी दिलंय. घ्या." आता हे पचकणार, म्हणून मी डोळे वटारून बसले. बाबा उठून आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट इन करून आले. चिऱ्यापुढे वाकून नमस्कार केला.

"एवढं कशाला केलंत, बाबा?" ते म्हणाले, आणि खरंच उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"ते फार बोलत नाहीत हो," आई म्हणाली. "पहिल्यापासून तसेच आहेत."