हात सैल सोड

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "शांतपणे गेली," आतेभाऊ म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न कुठला यावा? "शेवटी हाताला सुया टोचल्या का रे?" तो म्हणाला, "नाही गं, सगळं दंडाच्या नळीतूनच दिलं." तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

हातांची एवढी चौकशी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आत्याचे हात म्हणजेच आत्या. सांगोल्याकडची ही पोर लग्न होऊन सोलापुरात आली आणि सात रस्त्याजवळच्या बोळात सासऱ्यांच्या बांगड्यांच्या दुकानात बसली, ती कायमचीच. समोरच्या बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याचं मूळ हळूच दाबायची, माहेरची चौकशी करायची... "हात सैल सोड गं. तू आखडलीस की बांगडी बी अडती." पंजा कितीही रुंद असो, बाईला कळायच्या आत बांगड्या मनगटात! माझ्याही हातात लहानपणापासून तिनंच भरल्या.

मग कॅन्सर निघाला. केमोच्या सुयांनी हातावरच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या, मनगट सुजलं, वळेना. एकदा तिच्या हातात बांगडी फुटली आणि गिऱ्हाइकाला काच लागली. त्या दिवशी तिनं जाहीर केलं, "बास झालं औषध. हातच चालंना तर जगून काय लोणचं घालायचंय?"

डॉक्टरांनी दंडातून घालायची नळी सुचवली. बारीक, मऊ, महिनोन् महिने तिथंच राहणारी. औषध, रक्ततपासणी, सगळं तिच्यातूनच. "अंगात नळी घेऊन दुकानात बसू व्हय?" आत्या माझ्यावरच उखडली. मी काय कमी आहे? भांडून नेलं तिला. नळी घालायच्या वेळी ती अंग चोरून पडली होती. सिस्टर दंड चोळत म्हणाली, "मावशी, हात सैल सोडा बघू." आत्या खुदकन हसली. "आगं, हे मी सांगत आले की जन्मभर!" आणि सोडला हात.

नळीचे चोचलेही होतेच. दर आठवड्याला ती धुऊन पट्टी बदलायची, आंघोळीला दंडाला प्लास्टिक गुंडाळायचं, बादली उचलायची नाही, चिकटपट्टीखाली खाज. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास आहे का?" "आंघोळीचा लई वैताग हाय. पन मनगट माझं मला परत घावलं." ड्यूटीवर बांगड्या चालत नाहीत, म्हणून ती सिस्टर सुट्टीच्या दिवशी दुकानात आली. पोलक्याच्या बाहीखाली नळी झाकून आत्यानं तिचे दोन्ही हात भरले. त्या दिवशी आत्याइतकं सुखी माणूस सोलापुरात कुणी नसेल. आजार पुढं हटला नाही, तो हटणारही नव्हता. पण अगदी अंथरुणाला खिळेपर्यंत ती दुकानात बसली.

आता दुकान बंद आहे. गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला दुसरीकडे गेले. तिथल्या बाईंनी माझा पंजा हातात घेतला आणि त्यांनी काही सांगायच्या आतच तो सैल पडला.

"आधी कुणाकडं भरत होता?" त्यांनी विचारलं.

"आत्याकडं," मी म्हणाले. डोळे पुसायचे होते, पण हात तसाच राहू दिला.