डब्याला डबाच म्हणा

गाडी सुरू करण्याआधी मामा बोनेटवर बोटांनी ठोकायचे. पत्रा पोकळ वाजायचा. "ऐकलंस? डबा हाय. डब्यागतच चालवायचा."

आमच्या मुळशीतल्या वाडीतली ती पहिली चारचाकी. पांढरी, बाजारातली सगळ्यात स्वस्त. सगळी वाडी त्यांना मामा म्हणायची आणि गाडीला हसायची.

"काय मामा, चावी मागनं भरता का?"

"व्हय, तू धक्का मार, मी भरतो."

तुम्हीही असली गाडी पाहिली असेल. तिचं नाव कसं झालं, ते मात्र मी पाहिलंय. माझ्या कॉलेज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि ओढ्यावरची फरशी, म्हणजे पात्रातूनच जाणारा तो बुटका, बिनकठड्याचा रस्ता, पाण्याखाली गेली होती. मामा काठी घेऊन आधी फरशीभर चालून आले. पाणी घोट्याएवढंच होतं. मग त्यांनी मला गाडीत बसवलं. वाडीतली पहिली पदवीधर मी, हे मी आजही मान वर करून सांगते. वाडीने मात्र लक्षात ठेवलं ते एवढंच, की गाडी पाण्यातून गेली. काठी सगळे विसरले.

पुढे भूगावकडे जमिनी विकल्या गेल्या आणि दारोदार त्याच कंपनीच्या गाड्या आल्या. डबा म्हणणारेच "लई दणकट" म्हणू लागले. नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू, आणि पावसाळ्यात फरशीवरून एक फेरी. दरसाल थोड्या जास्त पाण्यातून. पहिला पेढा मानाने मामांना. ते तो हातातच धरून बसायचे.

"नाव झालं गं गाडीचं," एकदा मला म्हणाले. "पान्याला कुटं ठावं हाय?"

मग त्यांच्या जावयानेही तीच घेतली. तो सूसला राहायचा. त्या पावसाळ्यात मामांच्या लेकीला बाळंतपणासाठी माहेरी घेऊन निघाला. फोनवरचा त्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला.

"फरशीवरूनच येतोय, मामा."

"न्हाई! वरच्या मोठ्या पुलावरनं ये. लांब पडलं तरी चालंल."

"तुमचीच गाडी घेतली, आणि तुम्हीच घाबरता?"

फोन बंद झाला. मामा उठले. काठी भिंतीशीच राहिली.

त्यांनी गाडी काढली, मी ओढ्यापर्यंत तिच्यामागे धावले. पाणी फरशीवरून लाल, जड वाहत होतं. पलीकडच्या उतारावर नव्या गाडीचे दिवे खाली येत होते. आमच्या हाका पोचेनात. मामांनी बोनेट ठोकलं. पाण्याच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही. मग ते आत बसले आणि गाडी फरशीवर मधोमध आडवी घातली.

पलीकडचे दिवे थांबले. लेक दार उघडून ओरडत होती.

पांढरी गाडी हलकेच उचलली गेली. रिकामा डबा तरंगावा, तशी.

पाणी ओसरल्यावर ती खाली धरणाच्या कडेला सापडली. मामा आत नव्हते. ते सापडलेच नाहीत. बघ्यांतला एक जण म्हणाला, "पण पत्रा बगा, कुटं चेपला न्हाई."

मी पुढे होऊन बोनेटवर ठोकलं. आवाज आला नाही. आत गच्च गाळ भरला होता.