सरकारी मच्छरदाणीतला जवळा

सरकारी मच्छरदाणीत मी दोन टोपल्या जवळा धरला होता, हे आता सांगायला हरकत नाही. ती मच्छरदाणी केव्हाच विरली, ती तपासणारे साहेब केव्हाच निवृत्त झाले आणि मीही ऐंशी ओलांडली. (ऐंशीनंतर बाईवर खटला भरत नसावेत, असा आपला माझा अंदाज.)

माझं माहेर म्हसळ्याकडचं, भातशेतीतलं. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. लग्न झालं ते दिघीजवळच्या खाडीकाठच्या गावात, आणि तेही फौजेतल्या नाईकाशी. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. लग्नाला चार वर्षं होऊन गेली, तरी संसार झाला तो चार सुट्ट्यांचा. हे वर्षातून एकदा दोन महिन्यांसाठी यायचे. पहिला महिना पुन्हा ओळख पटण्यात जायचा, दुसरा त्यांची ट्रंक भरण्यात. मधले दहा महिने मी शेत, गुरं आणि सासूबाई सांभाळायची, आणि खरं सांगते, मला ह्यांची फार आठवण यायची.

त्या वर्षी मात्र हे एक बातमी घेऊन आले. छावणीत कुटुंबासाठी क्वार्टर मिळण्याच्या यादीत त्यांचं नाव अगदी वर आलं होतं.

"परत गेल्यावर सगल्या सामानाची तपासनी हाय," हे म्हणाले. "ती नीट पार पडली तर क्वार्टर आपली. एक जरी वस्तू खराब निघाली, तर नाव खाली जाईल. मंग आजून दोन-तीन वर्सं तू हितं, मी तितं."

"मंग मी काय करू?"

"तू कशाला हात लावू नको."

इतकी सोपी कामगिरी मला आयुष्यात परत कोणी सांगितली नाही.

सामानात ती मच्छरदाणी होती. पांढरीशुभ्र, बारीक जाळीची, चारी कोपऱ्यांना नाड्या. हे ती ओटीवर बांधून तिच्यात झोपायचे. गावातली माणसं मुद्दाम बघायला यायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, तिच्याकडे बघून म्हणायच्या, "एवढा मोठा फौजेतला गडी, आन् कोंबड्यावानी झाकून निजतो." मी जाळीची भोकं बघत होते.

कारण सांगते. आमच्याकडे खाडीत जवळा (नखाएवढी बारीक कोळंबी) आला की बायका कमरेभर पाण्यात उतरतात. दोघींनी जुन्या लुगड्याची दोन टोकं धरायची, ते पाण्यातून ओढायचं आणि उचलायचं. पण लुगडं पाणी सोडत नाही. उचलेपर्यंत ते घागरीएवढं जड होतं आणि निम्मा जवळा काठावरून परत खाडीत जातो. आता ह्या मच्छरदाणीतून पाणी सरळ निघून जाणार आणि जवळा आत राहणार. हे एवढं स्पष्ट असताना ती डासांसाठी वापरायची, हे माझ्या शेतकरी बुद्धीला पटेना.

सुट्टीचे सात-आठ दिवस राहिले आणि हे तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, खाडीपलीकडे मोठ्या नणंदेकडे गेले. चार दिवसांनी येणार होते. दुसऱ्याच दिवशी खाडीत जवळा आला.

"वयनी, नको गो," धाकटी नणंद चंपा म्हणाली. "दादाला कललं तं?"

"ते कवा येनार?"

"आजून तीन दिसांनी."

"आन् जवळा?"

चंपाने खाडीकडे बघितलं. "जवळा आज हाय," ती म्हणाली, आणि तिनेच जाऊन नाड्या सोडल्या.

काय सांगू! पहिल्या ओढीतच टोपली भरली. बाकीच्या बायका आपापली लुगडी हातात धरून बघत राहिल्या. दुसऱ्या ओढीत दुसरी टोपली भरली. तिसऱ्या ओढीत एक भलीमोठी चिंबोरी आली आणि जाताना नांग्यांनी कोपऱ्याला वीतभर भोक पाडून गेली. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण एवढा जवळा वाळत घालायचा कशावर? अंगणात तीच मच्छरदाणी पसरली, वर जवळा पसरला आणि दिवसभर कावळे हाकत बसले. ऊन छान कडक होतं. वास मच्छरदाणीच्या दोऱ्यादोऱ्यात मुरला.

दुसऱ्या दिवशी ती धुऊन जागेवर बांधायची, असा माझा बेत होता. पण त्या दुसऱ्या दिवशी मी ती उचलायच्या आतच, दुपारच्या जेवायच्या वेळेला हे दारात उभे. दोन दिवस आधीच आले, आणि ते का, तर माझ्यासाठी. बहिणीकडे करमेना म्हणाले. मी त्यांना भाकरी आणि जवळ्याचं कालवण वाढलं.

"जवळा येकदम साफ हाय," पहिल्याच घासाला हे म्हणाले. "कचरा न्हाय, काय न्हाय. कशात धरलास?"

मी भाकरी वाढली. चंपा पाणी आणायला विहिरीवर गेली. (हंडा घरातच विसरून गेली.) ह्यांनी ओटीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडे बघितलं, मग अंगणाकडे, मग कालवणाकडे. घास खाली ठेवला नाही, तो तेवढा संपवला. मग म्हणाले, "क्वार्टर खाल्ली आपन."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा तो पडलेला आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं. दोन-तीन वर्षं मी जवळ्यात घातली होती.

आत्या मात्र खमक्या. म्हणाल्या, "रडतेस काय? वासच हाय ना, काढू." आधी शिकेकाई झाली. वास गेला नाही, उलट आता मच्छरदाणीला न्हाऊन आलेल्या जवळ्याचा वास येऊ लागला. मग आत्या म्हणाल्या, मासे कापल्यावर आपण हाताला आमसूल चोळतो, तसं हिलाही चोळू. भरपूर आमसुलं भिजवली आणि मच्छरदाणी त्यात बुडवली. वास थोडा कमी झाला खरा. पण बाहेर काढली तेव्हा ती गुलाबी होती.

"शोभती," आत्या म्हणाल्या.

"आये, मी पल्टणीत झोपतो," हे म्हणाले.

मग गुलाबी रंग काढायला चुलीतली राख आली. राखेने गुलाबी रंग गेला, पण सगळा नाही. जिथे गेला तिथे निळसर-हिरवे डाग उठले. भोकाला मी माझ्या लुगड्याचा हिरवा दोरा घालून ठिगळ मारलं. ते काम मात्र सुबक झालं होतं, हे ह्यांनीही मान्य केलं.

जायच्या दिवशी आम्ही सगळे तरीपर्यंत पोचवायला गेलो. गावातली तीन मांजरंही आली. ह्यांच्या वळकटीला चिकटून ती शिस्तीत चालत होती. हे एकदा मागे वळले, मांजरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तरीत चढले. ह्यावेळी त्यांनी हातसुद्धा हलवला नाही.

पुढचा दीड महिना मी जवळा तोंडात घातला नाही. आत्यांनी नवस बोलून पाहिला. कशासाठी बोलला, ते देवाला नीट समजावून सांगताना त्यांची तारांबळ झाली. शेवटी पत्र आलं. मी चौथी शिकलेली, स्वतःच वाचलं.

ह्यांनी लिहिलं होतं, साहेबांनी मच्छरदाणी उलगडली. आधी रंग बघितला, मग ठिगळ बघितलं. मग वाकून वास घेतला आणि दोन पावलं मागे गेले. "हे काय आहे?" म्हणाले. ह्यांनी खरं ते सगळं सांगितलं. साहेबांनी ठिगळ पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी विचारलं, "सगळं बायकोनं एकटीनं केलं?"

"बहीन होती, साहेब. आन् धुवायला आई."

"पुढच्या सुट्टीत तू काय घेऊन जाणार?"

"ब्लँकेट, साहेब. आन् टारपोलीन."

साहेबांनी डोळे मिटले म्हणे. मग यादी मागवली आणि ह्यांच्या नावावर खूण केली. ह्यांना वाटलं, नाव गेलं. पण साहेब म्हणाले, "ह्या बाईला इतक्या लांब मोकळी ठेवणं सरकारला परवडायचं नाही. पुढची क्वार्टर हिला द्या. डोळ्यांसमोर तरी राहील."

मी पत्र तीनदा वाचलं. आत्या सारख्या विचारत होत्या, "काय लिवलंय? पास का नापास?" मला हसूही येत होतं आणि रडूही. "आत्या, मला नेतायत," एवढंच म्हणाले आणि त्यांच्या गळ्यात पडले.

महिन्याभराने छावणीत पोचले. पहिल्याच दिवशी नळावर बायका जमल्या आणि बोलता बोलता जिची तिची क्वार्टर कशी मिळाली ते निघालं. एकीच्या नवऱ्याला लढाईत पदक मिळालं होतं. दुसरीच्या नवऱ्याची चौदा वर्षं नोकरी झाली होती. मग त्यांनी मला विचारलं. मी घागर उचलली आणि चालू लागले. त्या सगळ्या नवऱ्याच्या पराक्रमावर आलेल्या होत्या. स्वतःच्या पराक्रमावर आलेली त्या अख्ख्या रांगेत मी एकटीच!