डावऱ्या हाताची घडी

लॉन्ड्रीतल्या मावशींना कोड फुटलं ते नेमकं बोटांवर. आधी अंगठ्याजवळ दाण्याएवढा डाग, मग वर्षभरात दोन्ही पंजे पांढरे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे कुणाला लागत नाही आणि दुखतही नाही. मावशी दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. बावीस वर्षं त्यांचं टेबल दुकानात पुढे, काचेमागे होतं. गिऱ्हाइकं त्यांच्याच हातची इस्त्री मागून घेत.

म्हातारे मालक होते तोवर सगळं ठीक होतं. ते गेले आणि गल्ल्यावर त्यांचे जावई बसले. जावईबापूंनी जन्मात स्वतःच्या रुमालालासुद्धा इस्त्री केलेली नव्हती. गाडीच्या किल्लीने कान कोरायचा, किल्ली पँटला पुसायची आणि त्याच बोटांनी सुटे पैसे द्यायचे, अशी यांची स्वच्छता! तर या गृहस्थांना मावशींच्या हातांची किळस आली. आधी रबरी मोजे दिले, इस्त्रीच्या वाफेत घालायला. मग मावशींचा चहाचा कप वेगळा झाला, ओळखू यावा म्हणून त्याच्या कानाला नेलपॉलिशचा ठिपका. शेवटी एका सोमवारी म्हणाले, "मावशी, उद्यापासून मागे बसा. गिऱ्हाइकांना कसंतरी होतं."

"कुठल्या गिऱ्हाइकाला?"

"आता नावं कशाला काढायची? समजून घ्या ना जरा."

मागे म्हणजे मळक्या कपड्यांची खोली. खिडकी नाही, आंबूस वास, आणि दिवसभर कपडे निवडायचे. लोकांचे घामट मोजे, पोरांनी ओकलेल्या चादरी, आजाऱ्यांचे पायजमे. त्याला हे हात चालत होते. धुतलेल्या शर्टाला तेवढे चालत नव्हते. जनाची नाही तर मनाची तरी असावी, पण ती काय दुकानात विकत मिळते?

मावशींनी तीन आठवडे काढले. मग एका दुपारी घास तोंडाशी नेताना स्वतःचीच बोटं दिसली आणि त्यांना मळमळलं. घास तसाच डब्यात ठेवला. संध्याकाळी घरी जाऊन लेकीला म्हणाल्या, "माझ्याच हातांची मला घाण वाटायला लावली मेल्यानं. लिही अर्ज."

लेकीने मानवी हक्क आयोगाचा अर्ज भरायला घेतला. मागणीच्या रकान्यात ती भरपाईचं लिहायला लागली, तर मावशींनी तिचा हात धरला. "ते राहू दे. लिही, मला माझं टेबल परत पाहिजे. आणि माझे हात घाण नाहीत, हे त्यांनी कागदावर लिहून द्यायचं."

सुनावणीच्या दिवशी जावईबापू अत्तर फासून आले. समोर आयोगाच्या मॅडम, चष्मेवाल्या, बोलायला मऊ. जावईबापूंनी तोंड भरून सांगितलं, "डागांचा काही संबंधच नाही, मॅडम. आम्ही असलं काही मानतच नाही. यांचं काम बिघडलं, म्हणून मागे बसवलं." आणि पिशवीतून तीन शर्ट काढून टेबलावर मांडले. गिऱ्हाइकांनी परत केलेले म्हणे. कॉलरी करपलेल्या, घड्या वाकड्या.

लेकीने शर्ट पालथे केले आणि मावशींना हसूच फुटलं. मावशी डावऱ्या. त्यांच्या घडीत डावी बाही वर येते, बाकी सगळ्यांच्या घडीत उजवी. दुकानात बावीस वर्षं त्यांना 'उलटी घडी' म्हणून चिडवत होते. इस्त्रीवाल्यांपैकी कुणालाही हे झोपेतून उठवून विचारा, सांगेल. माहीत नव्हतं ते फक्त गल्ल्यावर बसणाऱ्याला. लबाडी करायलासुद्धा आधी काम यावं लागतं.

"हे उजव्या हाताचं काम आहे, मॅडम," मावशी म्हणाल्या आणि त्यातलाच एक शर्ट उलगडून त्यांनी सगळ्यांसमोर घडी घातली. मॅडमनी उरलेले दोन स्वतःच्या हाताने उलटून पाहिले. दोन्हींत उजवी बाही वर. मावशींच्या घडीत डावी. जावईबापू मान पुसायला लागले.

"खोटा पुरावा आणलात तुम्ही," मॅडम त्यांना म्हणाल्या. मग मावशींकडे वळून, "काळजी करू नका. निकाल तुमच्याच बाजूने जाईल."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी लिहायला फाइल पुढे ओढली. मावशींनी घडी घातलेला शर्ट मधे येत होता. मॅडमनी पेनाचं मागचं टोक त्याच्या काठाला लावलं आणि तो हळूच बाजूला सरकवला.

मावशींनी ते पाहिलं. जावईबापूंनीही पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. "बघा मॅडम, तुम्हालासुद्धा! आम्ही तरी दुसरं काय म्हणत होतो?"

मॅडमचा चेहरा उतरला. मावशींनी दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले.

"लिहून घ्या, मॅडम. हे आत्ता काय बोलले ते लिहा. आणि तुम्ही पेनानं काय केलंत, तेही लिहा."