मुकुटाशिवायचं नाटक

अमीनाबादच्या बाजारातून मुलासाठी आणलेली ती व्हिडिओ गेमची कॅसेट इतकी भिकार होती की चालू करताना फुंकून फुंकून माणसाचा भाता व्हायचा. गोष्ट अशी: एक शिपाई राजमुकुट आणायला निघतो, राक्षस तुडवत राज्यंच्या राज्यं ओलांडतो, आणि शेवटच्या दाराशी पोचला की खेळ अडकतो. शिपाई जागीच थिजलेला, मुकुट पलीकडे. हवाई दलाच्या आमच्या वसाहतीतली झाडून सारी मराठी पोरं आमच्या टीव्हीपुढे हरून गेली. पडद्यावरचं मोडकंतोडकं इंग्रजी मी त्यांना मराठीत सांगायची. पोरांना कळायचं सगळं, उत्तरं मात्र हिंदीत.

"आंटी, बेचारे को मिला ही कुछ नहीं!" शेजारणीची मुलगी रडवेली झाली.

"नाही कसं? एवढा मुलूख पाहिला, पूल बांधला, म्हातारीला नदीपार नेलं. मुकुट घालून घरी माश्या मारायच्या होत्या का त्याला?"

बोलून गेले आणि माझं बोलणं चक्क मीच ऐकलं. वसाहतीच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. कॉलेजात असल्यापासून मला नाटक बसवायचं होतं. पण दर बदलीला ट्रंका भरताना नवरा म्हणे, "पुढच्या पोस्टिंगला बघू," आणि मीही मान डोलवी. माझाही मुकुट कायम पुढच्या गावाला.

"ह्याच गणपतीत नाटक बसवते," जेवताना मी जाहीर केलं.

"अगं, बदलीची ऑर्डर कधीही येईल."

"येऊ दे. तुमची विमानं थांबवून धरा."

नाटक त्या शिपायाचंच. चौक बाजारातून चिकनच्या भरतकामाच्या चिंध्या आणून राक्षस शिवले. इतके देखणे की राजकन्यांनी मागण्या घालाव्यात! मराठी संवाद पाठ करताना पोरांच्या जिभांना घाम फुटला. शेवटी शिपाई दार उघडतो, मुकुटाकडे बघतो आणि म्हणतो, "राहू दे. मला अजून चालायचंय." टाळ्या अशा पडल्या की गोमती नदीला भरती आली.

गणेश मंडळाचे सेक्रेटरी माईकवर म्हणाले, "हे बालनाट्य बसवलं आपल्या वॉरंट ऑफिसरसाहेबांच्या मिसेसनी—"

मी माईक काढूनच घेतला. "लेखिका मी, दिग्दर्शिका मी आणि मधला जाडा राक्षसही मीच! पुढच्या नाटकात कोणाकोणाला घेऊ?"

राक्षस व्हायला अर्ध्या वसाहतीनं नावं दिली. पहिलं नवऱ्याचं.