बाबांचा मेसेज नितेशला

बुरोंडीच्या मच्छीमार आनंदाची मुलगी रुचिरा रत्नागिरीत एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागली. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते गावच्याच मच्छीमारांचं. वादळी वाऱ्याचा इशारा आला की प्रत्येक होडीला मेसेज जायला हवा. यादी भरताना वडिलांचा नंबर तिने संकोचाने सगळ्यात शेवटी घातला.

प्रत्येक नंबराआधी देशाचा क्रमांक ९१ जोडायचा होता. तिने यादीतला एकेक नंबर क्रमाने हातात घेणारा लूप लिहिला. लूपच्या आत ९१ दिसत होते, बाहेर येऊन बघावं तर यादी जशीच्या तशी! ती चक्रावली.

"अगं, लूप तुझ्या हातात नंबराची नक्कल देतो," शेजारचे गुरुप्रसाद सर म्हणाले. "नक्कल बदलून मूळ कसं बदलेल? रेफरन्सने फिरव, म्हणजे नक्कल नाही, मूळ जागाच हाताशी येईल."

हातात येणाऱ्या नंबराला तिने 'नंबर' असं नाव दिलं होतं; त्या नावाआधी & हे चिन्ह लावलं आणि यादी बदलली. मग तेच नाव वापरून दुसऱ्या लूपने मेसेज पाठवायची सोय केली.

थोड्याच दिवसांत इशारा आला, मेसेज गेले आणि वारा उठला. तिने घरी फोन लावला.

"बाबा, वेळेत मागे फिरलात ना?"

"फिरलो गो. नितेशची होडी वळली म्हणून आमी वळलो. माज्या मोबाईलवर काय आला नाय. त्याला मात्र दोनदा आला."

यादीत बाबांच्या आधीचा नंबर नितेशचाच होता. तिने तपासलं. पहिल्या लूपनंतर बाबा जागेवर होते, दुसऱ्यानंतर त्यांच्या जागी पुन्हा नितेश. दुसरा लूप तर नुसता वाचत होता. वाचून कधी काही पुसलं जातं का? तिने यादीतल्या गोदाकाकूंच्या होडीचा नंबर शेवटी नेऊन पाहिला, तर तोच गायब!

सरांनीही बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाले, "पहिला लूप संपला, तरी 'नंबर' हे नाव शेवटच्या जागेला चिकटून राहिलं. दुसऱ्या लूपने त्या नावात एकेक नंबर घातला, तो त्या जागेवरच लिहिला गेला. शेवटची पाळी आली तेव्हा तिथे आधीचाच नंबर बसलेला."

"मग बाकीचे नंबर कसे शाबूत राहिले?"

"पहिल्या लूपमध्येच नाव त्यांना सोडून पुढे गेलं होतं ना!"

तिने मान हलवली, पण अर्धंच उमगलं होतं. पहिल्या लूपखाली नाव त्या जागेपासून सोडवणारी एक ओळ घातली आणि मेसेज पाठवून बघितला. बाबांना एकदाच गेला, नितेशलाही एकदाच.

सुट्टीत ती घरी गेली. "काय झालेला गो तेव्हा?" बाबांनी जाळं शिवता शिवता विचारलं. ती सांगू लागली, मध्येच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

"ऱ्हाव दे," ते हसले. "आता येतो ना मेसेज?"

"येतो," ती म्हणाली, आणि मनातल्या मनात तो लूप पुन्हा एकदा फिरवून बघू लागली.