घरच्यांसाठी काढून ठेवलेले डबे

मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की धाकटी आजी आपल्या रविवारच्या कॉलवर का येत नाही. तिला कामं असतात, असं म्हणून मी विषय बदलला. नंतर दिवसभर ते उत्तर मला टोचत राहिलं. तुमच्यातली थोरली आता वसतिगृहात जाणार, तिथे स्वतःचं स्वतः रांधणार, डबाबंद वस्तू आणणार. तेव्हा जे झालं ते सांगून टाकलेलंच बरं.

धाकटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि ती चुलीपुढून हलत नव्हती. स्वयंपाकघरात माझे डबे ओळीने, जुने पुढे, नवे मागे असत. ती पाहुण्यांना सांगायची, "आमच्या ताई मीठबी इंग्रजीत मोजतात." मला राग यायचा नाही. तिच्या हाताला चव होती आणि माझ्या हाताला नव्हती, हे आम्हां दोघींना मान्य होतं. तुमच्या बाबांना माझ्यापेक्षा तिनेच जास्त भरवलं असेल.

तुम्ही नेहमी उन्हाळ्यात येता आणि सोलेभात मागता. तुरीच्या शेंगांतले ओले हिरवे दाणे, म्हणजे सोले, मिळतात ते थंडीत. उन्हाळ्यात कुठून आणायचे? त्यावरून तिच्या डोक्यात आलं की सोले डब्यात भरता येतील. केळापूरकडच्या शेतात तूर घरचीच होती. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तिने एक शेड भाड्याने घेतली, पत्र्याचे डबे आणि झाकण बसवायचं हाताने फिरवण्याचं यंत्र आणलं, आणि वाफेच्या दाबाचं एक मोठं भांडं घेतलं. त्याला आम्ही मोठा कुकर म्हणायचो. त्याच्यासोबत इंग्रजीत माहितीपुस्तक आलं होतं. ते मी तिला बसून वाचून दाखवलं, मराठीत समजावून दिलं.

मी काय समजावलं तेही लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आंब्याचा रस आंबट असतो, तो डब्यात भरून उकळत्या पाण्यात ठेवला तरी चालतो. सोले, मटार, मक्याचे दाणे आंबट नसतात. अशा पदार्थात एक जंतू असतो, त्याचं बीज उकळत्या पाण्यात मरत नाही. हवा काढून घेतलेल्या बंद डब्यात ते उलट फोफावतं आणि विष तयार करतं. त्या विषाला वास असेलच असं नाही, चवही असेलच असं नाही. म्हणून सोले दाबाच्या भांड्यातूनच काढायचे, पुस्तकात सांगितलंय तितका वेळ, एक मिनिट कमी नाही. ती हुशार बाई आहे. शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांना तिने हे सगळं माझ्यादेखत पुन्हा सांगितलं, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत.

पहिल्या वर्षीचे डबे उत्तम निघाले. बचत गटांच्या प्रदर्शनात संपले, नागपूरचा एक व्यापारी घेऊ लागला. दुसऱ्या वर्षी जानेवारीत तुमचे बाबा एकटे आले होते. परदेशी परत जाताना तिने त्यांना सहा डबे दिले आणि माझ्याकडे चार ठेवले. विकायच्या डब्यांवर छापील कागद असायचा, या डब्यांवर नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "घरच्याइले कागद कायले पायजे?" मला ते फार गोड वाटलं.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं आणि फडताळ पुसताना माझ्या हाताला एक डबा वेगळा लागला. झाकण सपाट नव्हतं, मधोमध वर आलं होतं. अंगठ्याने दाबलं तर टक्‌ करून आत गेलं, बोट काढल्यावर पुन्हा वर आलं. तळाची बाजूही तशीच. आत वायू धरल्याची ही खूण आहे. असा डबा उघडून बघायचा नसतो, हुंगायचा तर नाहीच. मी तो दोन पिशव्यांत घालून गाठ मारली आणि मागच्या अंगणात खोल खड्डा करून पुरला, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल. फडताळ ब्लीचिंगच्या पाण्याने पुसलं, हात साबणाने धुतले, आणि तिला फोन केला.

तिने एक क्षणही न थांबता सांगितलं की तो डबा गाडीतून उतरवताना खाली पडला होता, त्याला पोचा पडला होता. पोचा जोडावर पडला की बारीक फट होते आणि जंतू आत शिरतात, हे तुम्हीच तर शिकवलं ना ताई, असंही म्हणाली. बाकीचे एकदम चांगले आहेत, बिनघोर खा.

मी डबा पुरण्याआधी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं होतं. पोचा लागला नव्हता. तरीही मला वाटलं, आपली नजर आता पूर्वीची राहिली नाही, चुकली असेल. तिच्या शब्दापुढे मी माझ्या बोटांवर विश्वास ठेवला नाही. तुमच्या बाबांना कळवलं की माझा एक डबा पडून खराब झाला, तुमचे तपासून घ्या, फुगलेला, गळणारा, गंजलेला किंवा कडेला चेपलेला नसेल तर खायला हरकत नाही. त्यांनी सगळे ओट्यावर मांडून मला कॅमेऱ्यात दाखवले. सहाही डबे सपाट होते, चकचकीत. शनिवारी सोलेभात करू, असं ठरलं.

रविवारी सकाळी धाकटीने मला शेडवर बोलावलं. नागपूरच्या व्यापाऱ्याचं इंग्रजीत पत्र आलं होतं, ते वाचून हवं होतं. इंग्रजी कागद आला की ती मलाच बोलवायची. शेडमध्ये शिरले तर मोठा कुकर कोपऱ्यात सरकवलेला, झाकण बाजूला भिंतीला टेकवलेलं, आणि आत दुमडलेली रिकामी पोती. झाकणाच्या खाचेत रबरी रिंग नव्हती. खाचेत कोळ्याने जाळं केलं होतं.

मी विचारलं, रिंग कुठे आहे. म्हणाली, कालच काढली. मी जाळ्याकडे बोट दाखवलं. मग ती पोत्यावर बसली आणि म्हणाली की रिंग डिसेंबरच्या शेवटी फाटली. नवी मागवली तर येईना. मजूर बायकांनी शेंगा सोलून ठेवलेल्या, सोले काळे पडायला लागलेले. मग मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळून डबे त्यात ठेवले, दिवसभर जाळ केला. व्यापाऱ्याचे डबे आधीच्या, चांगल्या खेपेतले होते. ते तिने बाजूला काढून ठेवले.

"आणि हे कोणाला दिलेस?" मी विचारलं.

"बाहेरच्याले कसे देणार, ताई? तो तपासते, बोंबलला असता. घरचे म्हटलं उकडून खातील."

मी तिथूनच फोन लावला. तुमच्याकडे तेव्हा अजून शनिवारची संध्याकाळ होती. फोन तुमच्या आईने उचलला. डबा उघडून झाला होता, सोले चाळणीत होते, तांदूळ धुऊन ठेवले होते. तुम्ही दोघं टेबलाशी बसून काहीतरी खेळत होता, तुमचा आवाज मला येत होता. मी म्हटलं, कोणी तोंडात घातलंय का? ती म्हणाली, "मुलांनी नाही. मी दोन दाणे चाखले, मऊ आहेत का बघायला. वास अगदी चांगला आहे, आई."

मी तिला काय काय करायचं ते सांगितलं. सोले आणि उरलेले डबे पिशव्यांत बांधून टाक, चाळणी, चमचा, ओटा ब्लीचने धू, आणि डॉक्टरांना आत्ता फोन कर. माझा आवाज शांत होता, असं ती नंतर म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं की पुढचे आठ-दहा दिवस लक्ष ठेवा. दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या मिटायला लागल्या, गिळताना किंवा बोलताना जड वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखान्यात या.

माझ्याकडचे उरलेले तीन डबेही मी घरी येताच पुरले. ते दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. रोज मी फोन करून तुमच्या आईला काहीतरी वाचून दाखवायला सांगायचे. तिला वाटायचं, सासूबाईंना कविता ऐकायची लहर आली आहे. मी तिचे उच्चार ऐकत असे, जीभ कुठे अडखळते का बघत असे. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. मग ती आपण होऊनच फोन करून वाचायला लागली. तिला काही झालं नाही. त्या डब्यात विष होतं की नव्हतं, हे आता कधीच कळणार नाही. म्हणून तुम्हांला सांगते, फुगलेला डबा तुम्ही टाकालच, पण सपाट डबाही कोणी आणि कसा भरला ते माहीत नसेल तर तो चांगला आहे असं धरून चालू नका. आणि उकळलं की झालं, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. संशयाचा डबा उकळून खायचा नसतो, टाकायचा असतो. शिवाय चाखणारा माणूस उकळायच्या आधीच चाखतो.

दहा दिवस गेले आणि धाकटी माझ्या घरी आली. येताना गरम अंबाडीची भाजी आणि भाकरी बांधून आणली होती. मी ती ओट्यावर ठेवली. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, नवी रिंग आली, व्यापाऱ्याने पुढची मागणी दिली. मग म्हणाली, "कोणाले काही झालं का? नाही ना? मंग काहून असं परक्यावानी करून राह्यल्या, ताई?"

मी म्हटलं, "तुला सगळं माहीत होतं. मीच शिकवलं होतं तुला."

"माहीत होतं म्हणूनच तं बाहेर नाही देल्ले."

हे ती उद्धटपणे म्हणाली नाही. समजावण्याच्या सुरात म्हणाली, जणू यात तिचा शहाणपणाच होता आणि तो मला दिसत नव्हता. चूक होते, मशीन बिघडतं, कष्टाचा माल फेकवत नाही, हे सगळं मला कळतं. मी विचारल्यावर तिने पोच्याची गोष्ट रचली आणि माझ्याच तोंडून तुमच्या घरी 'खा' असा निरोप गेला, तेही मी कदाचित एक दिवस गिळलं असतं. पण तिच्या मनात दोन फळ्या होत्या. एकीवर ज्यांना चांगलं द्यायचं ते लोक होते, कारण ते भांडतील. दुसरीवर आम्ही होतो, कारण आम्ही भांडणार नाही. ज्या मुलाला तिने स्वतःच्या हाताने भरवलं, त्याच्या मुलांना तिने त्या दुसऱ्या फळीवर ठेवलं. आणि हे करताना तिला वाईट वाटलं नव्हतं.

जाताना तिचा आवाज बदलला. चपला घालता घालता म्हणाली, "पोरांले सांगू नका, ताई. ते मले आजी म्हणतात."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर भाकरी खाल्ली. ताजी होती, अजून कोमट होती, तिच्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. तरी प्रत्येक घास मी थांबून थांबून चावत होते, आणि त्याचा मला तिच्या डब्यांपेक्षा जास्त राग आला.

तिचे डबे आजही विकले जातात. ते चांगले असतात, मी जाऊन मोठा कुकर पाहून आले आहे. बाजारातला माणूस ते निर्धास्त खाऊ शकतो. तुमच्या बाबांना मी सगळं त्याच आठवड्यात सांगितलं. तिला ते अजून फोन करतात, पण आता तिच्याकडे काही मागत नाहीत. तिच्या ते लक्षात आलं आहे. म्हणून ती आपल्या कॉलवर येत नाही, तुमच्यासमोर बसायची तिला लाज वाटते.

तुम्ही तिला फोन करा. ती तुमची वाट पाहते, यात काही खोटं नाही. फक्त डबे पाठवते म्हणाली तर नको म्हणा. कारण विचारलं तर टाळू नका, आजीने सांगितलं म्हणा. तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी राहिले नाही, हे तिला तुमच्याकडूनच कळू द्या.